दानाचं घड्याळ

रोज वापरायला टिकाऊ घड्याळ कसं निवडावं, यावर दिवाळी अंकासाठी काही लिहून द्या, असा निरोप आला तेव्हा दादाला जाऊन वर्षही झालं नव्हतं. मी नाही म्हणणार होते. मग वाटलं, हा प्रश्न ज्याला विचारायचा तो माणूस आता शहरात उरला नाही, म्हणूनच तो छापून विचारावा लागतोय. तेव्हा उत्तर आधी देऊन टाकते.

डबी, म्हणजे बाहेरचं कवच, स्टीलची घ्या, सोनेरी मुलाम्याची नको. मागचं झाकण आट्यांचं असावं, नुसतं दाबून बसवलेलं नसावं. आकडे हातभर अंतरावरून, चष्मा न शोधता वाचता यावेत. तबकडीवर जितके काटे दिसतात तितके खरोखर फिरतात का, हे दुकानातच बघून घ्या. आणि घेण्याआधी दुकानदाराला एवढंच विचारा, की हे बंद पडलं तर उघडणार कोण? तो हसला, तर तिथून उठा.

एवढं पाळलंत तर घड्याळ तुमच्याबरोबर म्हातारं होईल. ज्यांना तेवढंच हवं होतं त्यांनी इथं थांबायला हरकत नाही. पुढचं मी रागात लिहिलं आहे.

सोलापुरात शुक्रवार पेठेत आमचं घड्याळांचं दुकान. आहे म्हणावं की होतं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. पाटी आहे, फळ्या मी रोज उघडते, काचेच्या कपाटात थोडा मालही आहे. दुरुस्तीचं टेबल मात्र रिकामं. वडिलांनी दुकान काढलं, दादा शाळा संपताच त्या टेबलाशी बसला. मी मराठी घेऊन एम.ए. केलं आणि कॉलेजात जागा निघायची वाट बघत राहिले. वडील म्हणाले, "जागा निघेपर्यंत काउंटरवर बस. पुस्तकं तिथंही वाचता येतात की." जागा निघाली नाही. पुस्तकं मात्र पुष्कळ वाचून झाली. सगळी पेठ मला ताई म्हणू लागली आणि त्याला दादा.

दादाची एक रीत होती. गिऱ्हाईक आलं की तो कपाट उघडू द्यायचा नाही. डोळ्यावरचं भिंग कपाळावर सरकवायचा, मनगटातून काढून टेबलाच्या कोपऱ्यात ठेवलेल्या स्वतःच्या घड्याळाकडे एकदा बघायचा आणि म्हणायचा, "आधी हात दाखवा." त्या हाताचे घट्टे, नखं, मनगटावरचा घाम बघायचा. मग विचारायचा, "दिवसभर हा हात काय करतो?" उत्तर मिळाल्याशिवाय माल पुढे यायचा नाही. कपाटाची किल्ली माझ्याकडे असे, पण त्यानं मान हलवल्याशिवाय मी ती फिरवत नसे.

नातेपुत्याकडचा एक मेंढपाळ आला होता. तरणा, पटक्याला नवी घडी, लग्न ठरत आलेलं. त्याचं बोट थेट सोनेरी घड्याळावर.

"ते दावा की."

"आधी हात दाव," दादा म्हणाला.

"ज्योतिष बघताय व्हय?"

"तसंच समज. दिवसभर हा हात काय करतो?"

"काय करतोय... काठी. मेंढरं. इहिरीचं पाणी वडायचं. अडलेली मेंढी आसली तर आत हात घालून कोकरू काडायचं."

"मग सोनेरी नको."

तो उखडला. "का वो? आमी सोनेरी घालू न्हाय का? आमच्या हाताला शोभत न्हाय व्हय?"

"तुझ्या हाताला शोभतंय. त्या घड्याळालाच तुझा हात सोसायचा न्हाय. वरनं मुलामा, आतनं पितळ. दोन उन्हाळ्यात घामानं मुलामा जाईल आणि सासऱ्यापुढं बसशील तवा मनगट हिरवंगार."

तो हसला. "पाल्याचा डाग हाय म्हणीन." शेवटी स्टीलचं, जाड काचेचं घेऊन गेला. पुढे कित्येक वर्षं तो सोलापुरात मेंढरांच्या बाजाराला आला की दुकानाच्या पायरीवर उभा राहून नुसता हात वर करायचा. घड्याळ चालू आहे, एवढंच सांगायला.

अशी माणसं होती तशी चिडून जाणारीही होती. एका यंत्रमागवाल्या अण्णांना दादानं सांगितलं, की मागावर घड्याळ घालूच नका, बाजूच्या किल्लीच्या फटीतून सुताची तूस आत जाते आणि मशीन गुदमरतं. "खिशात ठेवा, फडक्यात गुंडाळून." अण्णा म्हणाले, "खिशातच ठेवायचं तर मनगट कशाला दिलंय देवानं?" आणि समोरच्या दुकानात गेले. माझा जीव तुटायचा. मी म्हणायचे, दादा, जरा गोड बोल. तो म्हणायचा, "गोड बोललो तर तूस आत जायची थांबते का?"

हे सगळं सांगायचं कारण, आता जे सांगणार आहे त्यात माझा राग कुणाला वेडेपणा वाटू नये.

माणूस गेल्यावर बाराव्याच्या विधीत त्याच्या नावानं दान देतात. गादी, छत्री, चपला, तांब्या. मूळ कल्पना अशी, की गेलेल्याला जे रोज लागत होतं ते कुणातरी जिवंत माणसाच्या वापरात जावं. मला यात काही वावगं दिसत नाही. अलीकडे त्यात मनगटी घड्याळही आलं. माणसाला रोज लागतंच ना.

एक फिरता विक्रेता आमच्याकडे यायचा. एकदा त्यानं काउंटरवर एक खोकं उघडलं. आत सोनेरी घड्याळं, एकसारखी, प्रत्येकाच्या तबकडीत आणखी तीन छोट्या तबकड्या. मी एक उचललं. छोट्या तबकड्यांतले काटे छापलेले होते. मागे पाण्यात चालेल असं इंग्रजीत कोरलेलं, आणि झाकण उचकटून बघितलं तर खाली पाणी अडवायची रबरी रिंगच नाही.

"हे कुणाला विकायचं?" मी विचारलं.

"ताई, हे घालायला नसतंय. बाराव्याला देतात की. लई खपतंय. आणि सगळ्यात बेस म्हणजे गिऱ्हाईक तक्रार घेऊन परत येत न्हाय." तो हसला. "ज्याच्या नावानं घेतलं तो काय बघायला येतोय?"

दादा टेबलावरून उठला. खोकं उचलून बाहेर पायरीवर ठेवलं आणि परत येऊन भिंग डोळ्याला लावलं. विक्रेता बराच वेळ माझ्याकडे बघत उभा होता, मी काहीतरी सावरून घेईन म्हणून. मी पुस्तकाचं पान उलटलं.

मला तेव्हा वाटलं, जगात लबाडी पुष्कळ आहे, पण ही लबाडी निराळी. आपल्याच माणसाच्या नावानं, त्याला कळणार नाही या भरवशावर केलेली. आणि सगळ्यांना ठाऊक असलेली. देणाऱ्याला ठाऊक, घेणाऱ्याला ठाऊक, विकणाऱ्याला ठाऊक. फक्त जो गेला त्याला ठाऊक नाही. त्यानं आयुष्यभर कष्ट करून वेळ पाळलेली असते आणि त्याच्या नावावर चढतं एक न चालणारं घड्याळ.

दादा उन्हाळ्यात गेला. सोलापूरचा उन्हाळा, दुपारी टेबलावर स्क्रूड्रायव्हरसुद्धा हाताला चटका देतो. छातीत दुखतंय म्हणाला, दवाखान्यात नेलं, आणि घरी आला तो तसाच. दवाखान्यात त्याच्या हातातलं घड्याळ काढून वहिनीकडे दिलं होतं. वहिनीनं ते माझ्या हातात ठेवलं. "किल्ली तुम्ही देत जा," एवढंच म्हणाली.

ते घड्याळ सांगायला हवं. किल्लीचं, म्हणजे सेल नसलेलं. आतल्या स्प्रिंगला रोज सकाळी पीळ द्यायचा, की दिवसरात्र चालतं. कारखाना केव्हाच बंद झाला. स्टीलची डबी, आट्यांचं झाकण, पांढरी तबकडी, बाराही आकडे काळे आणि ठसठशीत. पट्टा चामड्याचा नाही, ताणली की सैल होणारी स्टीलची साखळी, कारण दादाला कामाला बसताना ते दर वेळी काढून टेबलाच्या कोपऱ्यात ठेवायचं असे. दुरुस्त झालेलं प्रत्येक घड्याळ त्या एका घड्याळाशी ताडून गिऱ्हाइकाला मिळायचं. पेठेतली निम्मी मनगटं त्याच्यावर चालत होती म्हटलं तरी चालेल. मी रोज सकाळी अंघोळीआधी त्याला किल्ली देऊ लागले. त्या दिवसांत तेवढं एकच काम मला नीट जमत होतं.

बाराव्याला दादाचा मुलगा अनिकेत सामान घेऊन आला. तो पुण्यात असतो. त्यालाही बापाचं दुःख होतंच, रात्रंदिवस धावपळ करून डोळे लाल झाले होते. सामान सगळं एकाच दुकानातून आणलेलं. गादी, छत्री, चपला, तांब्या, एकत्र प्लॅस्टिकमध्ये बांधलेलं, आणि वर एक छोटा डबा. "आता सगळा सेटच मिळतो, आत्या. शोधत बसावं लागत नाही."

मी डबा उघडला. सोनेरी. तीन छापील छोट्या तबकड्या. सेकंदाचा काटा जागच्या जागी थरथरत होता, दोन घरं पुढे जायचं बळ नसल्यासारखा. बाजूची किल्ली ओढली तर ती माझ्या हातात आली.

श्रीपाद गुरुजी पाट मांडत होते. आमच्याच पेठेतले, वयानं अनिकेतपेक्षाही लहान, पण वडिलांमागे सगळं काम अंगावर पडलेलं. मी तो डबा अनिकेतपुढे धरला.

"हे कुणाला द्यायचंय?"

"बाबांच्या नावानं. म्हणजे गुरुजींना."

"हे बंद आहे."

"आत्या, दान आहे ते. चालू असलं काय नि बंद असलं काय. रीत म्हणून द्यायचं."

मी आयुष्यात फार कमी वेळा आवाज चढवला असेल. तेव्हाही चढवला नाही. डबा खाली ठेवला. "तुझ्या बापानं हेच खोकं उचलून पायरीवर ठेवलं होतं," मी म्हणाले. "ते परत आत आणायला तू बाराव्याचा दिवस निवडलास."

"मला काय माहीत असणार?"

"तेच तर. दुकानात वाढलास तू."

मला वाटलं, आता गुरुजी मधे पडतील, वेळ होतेय म्हणतील. मी त्यांच्याकडेच वळले. "गुरुजी, दानात आलेलं घड्याळ तुम्ही कधी हातात घातलंय?"

त्यांनी एकदा अनिकेतकडे बघितलं. "खरं सांगू का, ताई?"

"खोटं ऐकायची आज ताकद नाही."

"घरी पिशवी भरलीय. त्यात चालणारं एक सापडलं तर शपथ. आई म्हणते, बंद घड्याळं घरात ठेवू नयेत. पण दानात आलेलं टाकायचं तरी कुठं?"

"मग वेळ कशावर बघता?"

"मोबाईलवर. पण बोटाला तूप असलं, की तो ऐकतच नाही. आणि संकल्प सांगताना वाजतो. मागं एका घरी वाजला, त्यांच्या सूनबाई तोंडाला पदर लावून हसत होत्या."

माझ्या तोंडून ते आपोआप निघालं. "दिवसभर हात काय करतो तुमचा?"

"अहो आत्या," अनिकेत म्हणाला, "विधी चाललाय. हे दुकान नाही."

"ज्याचं बारावं आहे त्यानं हे विचारल्याशिवाय कुणाला घड्याळ दिलं नाही. गुरुजी, सांगा."

गुरुजींनी खरोखर विचार केला. स्वतःच्या तळहाताकडे बघत म्हणाले, "पाणी. पळीनं पाणी, दिवसभर. तूप, दही, मध. होम असला की धग आणि राख. त्यामुळे विधीला बसताना हातात काही ठेवत नाही. चामडं तर चालतच नाही. घड्याळ असलं तर पाटाजवळ काढून ठेवीन, आणि बसल्या जागेवरून, हात न लावता दिसलं पाहिजे. नंतर स्कूटरवर बसताना पटकन अडकवता यावं. बास."

मी ऐकत होते आणि मनात एकेक गोष्ट जुळत होती. चामडं नाही. काढून ठेवायचं. लांबून वाचता येणारे आकडे. पटकन अडकणारी साखळी. दादा असता तर त्यानं मान हलवली असती. आणि मला ती मान हललेली नको होती. ते घड्याळ मला कुणालाच द्यायचं नव्हतं. सकाळची ती किल्ली काढून घेतली तर माझ्याकडे काय उरणार होतं?

अनिकेतला अंदाज आला असावा. "बाबांचं घड्याळ देणार असाल तर मी सांगून ठेवतो, ते मी नेणार आहे. फ्रेम करून, काचेत. मुलाला दाखवायला."

"फ्रेममध्ये किल्ली कोण देणार?"

"द्यायची गरज काय?"

वहिनी इतका वेळ भिंतीला टेकून बसली होती. तीच बोलली. "काचेत ठेवायचं तर यांनी ते आयुष्यभर हातात कशाला घातलं?" मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "वन्सं, तुमच्याकडे आहे ते आणा. कुणाच्या तरी हातात असलेलं बरं."

मी आणलं. सकाळीच किल्ली दिलेली होती. गुरुजींनी ते संकल्पानंतर पाटाजवळ ठेवलं, पांढरी तबकडी वर करून, आणि पुढचा सगळा विधी ते अधूनमधून तिकडे नजर टाकत करत राहिले. जाताना साखळी ताणून मनगटात घातली. त्यांचं मनगट दादाहून बारीक आहे. घड्याळ जरा खाली घसरलं आणि तिथं थांबलं.

सोनेरी घड्याळ मी दुकानाच्या पायरीवर ठेवलं. संध्याकाळी ते तिथं नव्हतं. ज्यानं उचललं त्याचं मनगट हिरवं होईल, याखेरीज मला काही वाटलं नाही. अनिकेत दुसऱ्या दिवशी पुण्याला गेला. वहिनीशी फोनवर बोलतो, माझ्याशी नाही. मीही फोन केलेला नाही. लोक म्हणतात, एवढ्याशा घड्याळावरून. मला अजून वाटतं, एवढ्यावरूनच.

काही दिवसांनी गुरुजी दुकानात आले, चेहरा उतरलेला. "ताई, बंद पडलं."

"किल्ली दिली होती?"

"काल दोन घरी वास्तुशांत होती. विसरलो."

मला पुन्हा राग आला. तो लपवण्याचा मी प्रयत्न केला नाही. "गुरुजी, संध्या विसरता का कधी? तशीच ही. उठल्यावर, हात कोरडे असताना. हलक्या हातानं फिरवायची, अडली की थांबायचं, पुढे जोर करायचा नाही." त्यांनी मान खाली घालून ऐकलं आणि माझ्यासमोर किल्ली दिली. काटा चालू झाला. ते उठले, दारापर्यंत गेले आणि वळले.

"ताई, याला तेलपाणी किती दिवसांनी?"

"दोन-तीन वर्षांनी उघडून, धुऊन तेल द्यावं लागतं. नाहीतर आतलं झिजतं."

"मग तेव्हा कुठं आणू?"

सगळ्या जगाला मी सांगत आले, बंद पडलं तर उघडणार कोण ते आधी विचारा. माझ्याच भावाच्या घड्याळाबद्दल तो प्रश्न मला विचारला गेला. पेठेत आता सेल बदलणारे आहेत. ते उघडतात ती झाकणं. मशीन उघडणारा शेवटचा माणूस आम्हीच पोचवून आलो होतो.

"इथंच आणा," मी म्हणाले.

बोलून तर गेले. मग जेवायलाही फळ्या लावल्या नाहीत, दुपारभर त्या रिकाम्या टेबलाकडे बघत बसले. दादाच्या खणात त्याच कारखान्याची जुनी, मोडकी मशीनं आहेत, सुट्या भागांसाठी जपलेली. त्यातलं एक काढलं. भिंग डोळ्याला लावलं तर पापणी फडफडायची आणि ते खाली पडायचं. इतकी वर्षं त्याच्या शेजारी बसून प्रत्येक चाकाचं नाव मला पाठ झालं होतं. पण नाव माहीत असणं आणि ते चाक चिमट्यानं उचलून जागेवर बसवणं यांत किती अंतर आहे, हे मला या वयात कळलं. पहिला स्क्रू उडाला तो सापडलाच नाही. मी टेबलावर डोकं ठेवून रडले, आणि मग पुस्तकं वाचण्यात घालवलेल्या सगळ्या दुपारींवर मनसोक्त चिडले.

आता रोज बसते. एक मशीन सगळं सोडवून पुन्हा जोडलं, चाललं नाही. पुन्हा सोडवलं. परवा त्याचं बॅलन्स, म्हणजे डावी-उजवीकडे झुलणारं ते बारीक चाक, थोडा वेळ झुललं आणि थांबलं. वहिनी चहा द्यायला आली होती. तिनंही बघितलं. कप मात्र टेबलाच्या त्या कोपऱ्यात ठेवला नाही जिथं दादा आपलं घड्याळ काढून ठेवायचा.

सकाळी गुरुजींची स्कूटर दारावरून जाते. थांबायला त्यांना वेळ नसतो. ते नुसता डावा हात हँडलवरून वर उचलतात. चालू आहे.

मी मान हलवते आणि चिमटा उचलते.